हाताला बांधलेली घरं

॥ श्री ॥

डनिडिन, न्यूझीलंड
ता. १० डिसेंबर २०००

तीर्थरूप सौ. आक्काच्या पायांशी धाकट्या सखारामाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पहिल्याच ओळीत तू विचारलंस, की एवढा समुद्र ओलांडून शेवटी छपरावरच चढायचं होतं तर आपल्या खांब गावात छपरं कमी होती का. कमीच होत चालली होती, आक्का. पेणला आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा सगळी आळी कौलारू होती. निघालो तेव्हा निम्म्या घरांवर स्लॅब पडले होते, आणि त्यांची कौलं उतरवायचं काम मीच केलं होतं. स्वतःच्या पोटावर स्वतःच पाय ठेवायचा तो किती दिवस ठेवणार? म्हणून मस्कत झालं, आणि तिथल्या कंपनीतल्या ग्रॅहम साहेबांच्या शब्दावर आता हे त्यांचं गाव. ते म्हणाले होते की आमच्याकडे घरोघर कौलं आहेत, पण वर चढणारी माणसं म्हातारी झाली; बायकोमुलीला घेऊन ये आणि स्वतःच्या नावानं धंदा कर.

इथली जुनी कौलं फ्रान्सातून बोटीनं आलेली म्हणतात. हातात घेतलीस तर म्हणशील, ही आपल्या मंगळुरी कौलाची सख्खी बहीण. पहिलं उचललं तेव्हा मला रडू आलं. साहेबांना वाटलं माझं बोट चेमटलं, ते औषधाची पेटी घेऊन धावले.

मैनानं माझ्या व्हॅनवर नाव रंगवलं आहे. हमरापूरला गणपतीचे डोळे रेखणारा हात तो, इंग्रजी अक्षरंसुद्धा अशी काढली आहेत की आपल्याकडे बघतात. ती व्हॅन बघूनच मिसेस मॅके नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी मला रस्त्यात थांबवलं. त्यांचं छप्पर हे माझं पहिलं काम. काम चालू असेपर्यंत त्या रोज खाली उभ्या राहून चहा प्यायला हाक मारत. शकू शाळेत रमली आहे आणि माझ्या इंग्रजीला हसते.

एक गोष्ट मात्र डोक्यावर आहे. सरकारनं आम्हाला सध्या तात्पुरतं राहू दिलं आहे. धंदा चालला आणि वागणूक स्वच्छ राहिली तर पुढच्या वर्षी कायमची परवानगी मिळेल. नाहीतर तिघांनी गाठोडी बांधून परत यायचं. पेणचं बिऱ्हाड मोडून आलो आहे, तेव्हा परत म्हणजे कुठे, हे मला माहीत नाही.

भावोजींना नमस्कार. तुम्ही सगळ्यांनी जाऊ दिलंत म्हणून हे दिवस दिसताहेत, हे रोज आठवतं. थोरलेपणाची माया आहे तशीच ठेव.

तुझा,
सखा

---

॥ श्री ॥

खांब, ता. रोहा
ता. २१ जानेवारी २००१

चिरंजीव सखारामास आक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

परत आलास तर कुठे जाशील, असं लिहिताना तुला काहीच कसं वाटलं नाही? तुझी बहीण काय मेली आहे? आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन मी शेतावर जात होते, अजून तुला पोसायची ताकद आहे माझ्यात. पण तशी वेळ येणार नाही. तू मन लावून काम कर.

इकडे वालाच्या शेंगा भरल्या आहेत. परवा अंगणात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला तुझ्या भावोजींनी इतका कोंबला की शेंगांना जागाच उरली नाही. खाताना सगळ्यांनी तुझी आठवण काढली. अंगणवाडीतली माझी पोरं आता विमान दिसलं की सखामामा म्हणून हात करतात. ही शिकवण माझीच.

जनूच्या घरी पनवेलची सून आली आहे. तिनं मला विचारलं, की गेल्या वैशाखात सखाराम नव्हता तर लोकांनी दुसऱ्याकडून शाकारणी का करून घेतली नाही. तिला कुठलं माहीत असणार. मी समजावलं, की ज्याच्या हातानं छप्पर बसलं त्याच्या हाताला ते घर बांधलं जातं. दर वैशाखात त्याला बोलवावं लागत नाही. घरात कोणी असो वा नसो, तो आपणहून शिडी लावतो, कौलं चाळतो, फुटकं बदलतो आणि जातो. तो जिता असेपर्यंत दुसरा माणूस वर चढत नाही. सोडायचंच झालं तर त्यानंच आपल्या हातानं आढ्यावरचं कौल काढून नव्या माणसाच्या हातात द्यायचं. पोरगी हुशार निघाली. म्हणाली, की मग तो परदेशीच राहिला तर ह्या घरांनी काय करायचं. मी तिला लसूण सोलायला बसवलं.

तुझ्याबरोबर इतकी वर्षं वर चढलेला बुधा परवा वाडीवरून आला होता. तुझी खुशाली विचारली आणि म्हणाला, की सखादादा येयाचा नसंल तं मी बघू का तुमचं छप्पार. मी नाय म्हटलं. तो कातकरी म्हणून नाही. गावात काही जण त्या कारणानं कचरतात, ते तुला ठाऊक आहे, माझं तसं नाही. तुझा हात आहे माझ्या घरावर, एवढंच. गेल्या पावसात दोन-तीन ठिकाणी ओघळ आला, पातेली लावली, निभावलं.

मैनाला म्हणावं, नवऱ्याला थंडीत लोकरीचे मोजे घाल. शकूचे गालगुच्चे घे. पत्र लवकर टाक, आणि मी रागावते म्हणून माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
आक्का

---

॥ श्री ॥

डनिडिन
ता. २८ मे २००१

तीर्थरूप सौ. आक्कास सखारामाचा दंडवत. वि. वि.

हे पत्र भावोजींना आधी वाचू दे आणि मग तू वाच, म्हणजे तुझा राग थोडा त्यांच्यावर निघेल.

वैशाख आला. इथं पावसाला महिना नाही, तो बारमाही येतो-जातो, पण माझ्या अंगातला वैशाख काही गेला नाही. इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, मी ज्यांची छपरं केली त्यांच्याकडे फेरी मारून यावं असं वाटायला लागलं. कोणी बोलावलं नव्हतं. आपल्याकडे बोलावतं का कोणी? दोन घरं केली. माणसं कामाला गेली होती. पन्हळीतला पाला काढला, सरकलेली कौलं बसवली आणि उतरलो. मन कसं हलकं झालं होतं.

मग मिसेस मॅकेंकडे गेलो. त्या लेकीकडे दुसऱ्या गावी गेल्या होत्या, पडदे ओढलेले होते. मी शिडी लावली. बूट घातले की कौलं तडकतात, म्हणून अनवाणीच चढलो. आढ्याजवळची कौलं काढून खालच्या लाकडी रिपांवर रचतो आहे तोवर शेजारच्या रॉस नावाच्या गृहस्थांनी पोलिसांना फोन केला. त्यांचं चुकलं नाही. इथं काही लबाड माणसं असं करतात म्हणे, की चोरून वर चढायचं, चांगली कौलं फोडायची आणि आठवड्यानं दारात येऊन दुरुस्तीचं काम मागायचं.

पोलीस नीट वागले. त्यांनी विचारलं, की तुला कोणी बोलावलं. मी म्हणालो, कोणी नाही. विचारलं, की ह्याचे काय घेणार. मी म्हणालो, काही नाही. आक्का, दोन्ही उत्तरं खरी होती आणि दोन्हींमुळे मी जास्तच अडकलो. फुकट कौलं काढणाऱ्या अनवाणी माणसावर कोण विश्वास ठेवील? मला चौकीवर नेलं. मैना शकूला घेऊन आली. माझी पोर माझ्यासाठी इंग्रजीत बोलत होती आणि मी खाली मान घालून बसलो होतो.

खटला केला नाही, लेखी ताकीद दिली. पण ती ताकीद आमच्या अर्जाला जोडली गेली आहे. वागणूक स्वच्छ हवी, ही तर मुख्य अट. ग्रॅहम साहेब माझ्याबरोबर परवानगीच्या कचेरीत आले. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की ही तुमच्याकडची रीत असेल तर तिथल्या लोकांकडून तसं लिहून आणा. नाहीतर निकाल आमच्याविरुद्ध जाईल हे उघड आहे.

तुझ्याशिवाय कोणाला सांगू? मैना सामान आवरायला लागली आहे, हे मला दिसतं. ज्या लोकांना मी सोडून आलो त्यांच्याकडेच तुला पाठवतो आहे, ह्याची लाज वाटते. तरी जा. माझ्या ह्या खुळेपणावर तुझ्या मायेचं पांघरूण असू दे.

तुझा,
सखा

---

॥ श्री ॥

खांब
ता. २४ जून २००१

चिरंजीव सखारामास आक्काचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र मीच आधी वाचलं. तुझ्या भावोजींना चष्मा सापडला नाही, आणि मी तो सापडू दिला नाही.

खरं लिहू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आनंद झाला. सखा परत येणार, असं मनात आलं आणि मी पदरानं तोंड पुसत बसले. माझ्या घराच्या मागच्या पडवीत तुम्हा तिघांची अंथरुणंसुद्धा मनात घालून झाली. मग तुझी ती ओळ परत वाचली, की शकू तुझ्यासाठी बोलत होती आणि तू मान खाली घालून बसला होतास. तेव्हा मला माझीच शरम वाटली. माझा भाऊ मला परत हवा आहे, पण मान खाली घातलेला नको आहे.

भाताचा राब पेरायची घाई होती, तरी गावभर फिरले. काळुराम मास्तरांकडून मराठीत मजकूर लिहून घेतला, मग इंग्रजीत. मास्तरांनी लिहिलं होतं, की सखाराम हा सुस्वभावी तरुण आहे. मी म्हटलं, की तो चाळिशीचा आहे आणि स्वभाव कोणी विचारलेला नाही. न बोलावता वर चढणं हा आमच्याकडे गुन्हा नाही, न येणं हा गुन्हा आहे, असं लिहा. तसंच लिहिलं आहे. खांबातल्या, कोलाडच्या हायवेवरच्या खानावळवाल्यांच्या, रोह्यातल्या तुझ्या जुन्या घरवाल्यांच्या सह्या आहेत. पेणच्या सह्या मैनाच्या वडिलांनी हमरापूरहून सायकलवर जाऊन आणल्या. सरपंचांचा शिक्का आहे, रोह्याच्या वकिलानं तपासून दिलं आहे.

सही कोणी नाकारली नाही. पण प्रत्येक दारात मला ऐकावं लागलं. म्हातारी हौसाबाई अंगठा पुढे करून म्हणाली, की घे गो अंगठा, पोराचं भलं होऊ दे, पन तो न बोलावता येतो म्हणून मी अंगठा द्यायचा आन दोन वर्सं तो काय आला नाय, माझी चूल भिजते तं मी कोनाला सांगू? तिथल्या तिथे मी तुझ्या वतीनं सांगितलं, की बुधाला बोलाव. एकेका घराला तसंच सांगत गेले. काहींनी नाक मुरडलं, पण पाऊस डोक्यावर आल्यावर मुरडलेलं नाक सरळ होतं. बुधा भर पावसात ताडपत्री धरून घरं करतो आहे. फार नेकीनं करतो. आढ्याच्या कौलापुढे मात्र आधी हात जोडतो आणि सखादादा, रागं भरू नको असं म्हणतो. लोक हसतात. मी हसले नाही.

आपलं घर मात्र मी दिलेलं नाही. तुझे भावोजी चिडले आहेत, म्हणतात की गावाला शहाणपण शिकवलंस आणि स्वतः पातेल्यांच्या मधून वाट काढत जेवायला वाढतेस. असू दे. सगळी घरं सुटली, एक तरी तुझ्या हाताला असू दे.

कागद रजिस्टरनं पाठवला आहे. देव त्या कचेरीतल्या बाईंना सुबुद्धी देवो. तुमचं काही कमी-जास्त झालं तरी इथं एक दार आहे, हे मनात ठेव आणि मग निर्धास्त हो.

तुझी,
आक्का

---

॥ श्री ॥

डनिडिन
ता. २ सप्टेंबर २००१

तीर्थरूप सौ. आक्काच्या पायांवर डोकं ठेवून सखारामाचा नमस्कार. वि. वि.

मिळाली. कायमची परवानगी मिळाली. मैनानं आवरलेलं सामान परत मांडलं आणि मग दोन दिवस ती कारण नसताना रडत होती.

तुझा कागद पोचला तेव्हा मिसेस मॅके लेकीकडून आल्या होत्या. मी त्यांना तोंड दाखवायला लाजत होतो, तर त्याच आमच्या घरी आल्या. म्हणाल्या, की तू आढ्याजवळ कौलं काढली होतीस तिथली रीप खरंच कुजलेली निघाली. मी कौलं फोडायला नाही, दुरुस्तीलाच चढलो होतो, हे त्यांना कळलं. त्या माझ्याबरोबर कचेरीत आल्या. आणखी कोण आलं असेल? शेजारचे रॉस. त्यांनी बाईंना स्पष्ट सांगितलं, की पुन्हा असं दिसलं तर मी पुन्हा फोन करीन, पण हा माणूस चोर नाही. मला त्यांचा राग नाही. एकट्या म्हातारीच्या घरावर कोणाची तरी नजर आहे, हे बरंच वाटलं.

बाईंनी आपला कागद शांतपणे वाचला. अंगठ्यांवरून बोट फिरवलं. ह्यात तुमच्या बहिणीची सही कुठली, असं विचारलं. मी दाखवली, सगळ्यांत खाली कोपऱ्यात, जागा उरली नव्हती तिथे दाबून केलेली. मग त्यांनी मला एक गोष्ट लिहून द्यायला सांगितली, की ह्यापुढे बोलावल्याशिवाय कोणाच्या छपरावर चढणार नाही. मी लिहून दिलं. इथली रीत ती आपली रीत, राहायचं तर मानायची. सही करताना हात जड झाला, एवढं खरं.

उठता उठता त्यांनी सहज विचारलं, की मग आता ह्या सगळ्यांची छपरं कोण बघतं. मी म्हणालो, बुधा. आणि बहिणीचं, असं त्यांनी विचारलं.

आक्का, तुझं घर सोडून दे असं मला पूर्वीच लिहायला हवं होतं. लिहवलं नाही. गावातली बाकीची घरं सुटली ह्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. पण तुझ्या घरावर माझा हात आहे तोवर मी पुरता गेलेलो नाही, असं मलाही वाटत राहतं. तू भिजत राहायचं आणि मी इथं कोरड्या घरात तेवढ्यानं समाधान मानायचं, हे मात्र बरोबर नाही. मी तुला काही सांगत नाही. सांगायचा हक्क मी विमानात बसलो तेव्हाच संपला. तू ठरव.

खांबातल्या प्रत्येकाला माझा नमस्कार सांग. हौसाबाईला दोनदा सांग. शकूला आता शाळेत कोणी विचारलं तर मी इथलीच असं ती सांगते, आणि हे तुझ्या पायपिटीचं फळ आहे. ह्या ऋणातच मला राहू दे, आणि पत्रात रागावणं बंद करू नकोस.

तुझा,
सखा

---

॥ श्री ॥

खांब
ता. २९ मे २००२

चिरंजीव सखारामास, सौ. मैनास आणि शकूस आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मधे दोन पत्रं तुला कोरडी लिहिली, हवापाण्याची. तू ओळखलं असशीलच. ठरवायला मला इतके महिने लागले.

गेल्या रविवारी बुधाला निरोप धाडला. तो आला, शिडी लावली आणि खालीच उभा राहिला. म्हणाला, की बाकी घरांचं ठीक हाय, पन हे दादाच्या बहिणीचं घर. दादानं कौल हातात दिल्याबिगर मी चढनार नाय. तुझे भावोजी त्याला म्हणाले की अरे, तो कुठून येणार आता. तरी बुधा हलेना. उन्हात तसाच उभा.

मग मी कासोटा घातला. थोरल्या बहिणीनं धाकट्याच्या वतीनं काही केलं तर ते त्यालाच लागतं, एवढं मला समजतं. तुझे भावोजी शिडी धरून जो आरडाओरडा करत होते तो ऐकून जनूची सून, काळुराम मास्तर, अर्धी आळी जमा झाली. मास्तरांना मी वरूनच सांगितलं, की हे इंग्रजीत लिहायचं नाही. पन्नाशी उलटलेली बाई कौलांवर गुडघ्यांनी सरपटत गेली, आणि आढं धरून बसली. खाली बघवेना. तू लहानपणी असाच आढ्यावर पाय सोडून बसायचास आणि मी खालून काठी दाखवायचे.

आढ्याचं कौल निघता निघेना. तू बसवलेलं. माझी नखं दुखावली. निघालं तेव्हा मी थोडा वेळ ते मांडीवर घेऊन बसले. मग बुधाला वर बोलावलं आणि त्याच्या हातात दिलं. तो ते कपाळाला लावून रडला, आणि मी, तुझी बहीण, त्याला रागावले, की रडतोस काय, आधी मला खाली उतरव.

दोन दिवसांत घर झालं. फुटकी सगळी बदलली, मागच्या पडवीचे दोन वासे नवे घातले. आता पाऊस कधीही येवो. बुधाला आणि त्याच्या बायकोला, पारीला, घरात पाटावर बसवून जेवायला वाढलं. शेजारणीनं काय म्हणायचं ते म्हणो. माझ्या डोक्यावरचं छप्पर ज्यानं बसवलं त्याला मी दारात का उभं करू?

तर सखा, तुझा हात मी माझ्या घरावरून काढला. तू सुटलास. ह्या घरानं तुझं काही देणं ठेवलेलं नाही आणि तूही ह्याचं काही ठेवलेलं नाहीस. वैशाख आला की जीव कासावीस करून घेऊ नकोस. तुम्ही तिघं जिथे आहात तिथे मान वर करून राहा. मी रोज दिवा लावताना त्या कचेरीतल्या बाईंचं, त्या मॅके बाईंचं आणि फोन करणाऱ्या त्या रॉसचंसुद्धा भलं चिंतते. नाव नीट घेता येत नाही, देवाला समजत असेल.

एक गोष्ट मात्र मला परवाच कळली. इतकी वर्षं तू दर वैशाखात माझ्याकडे यायचास, पण मला आठवतात ते तुझे पाय. वाशांतून खाली लोंबणारे, धुळीनं भरलेले. पाणी वर द्यायचं, भाकरी वर द्यायची, आणि काम संपलं की तू पुढच्या घराकडे पळायचास. भाऊ म्हणून तू ह्या घरात कधी धड बसलाच नाहीस. ह्या भाऊबीजेला जमलं तर या, नाहीतर पुढच्या. वर बघायचं आता काही काम नाही. दारातून आत ये, आणि माझ्यासमोर बसून जेव.

वाट बघते. वाट बघायला लावलीस तरी माया आटायची नाही.

तुझी,
आक्का